वर्दीच्या आतला माणूस

पोलिसाला जात नसते, धर्म नसतो, त्याला फक्त वर्दी असते, असे आम्हाला वर्षानुवर्षे ऐकवले जाते. अमेरिकेत शिकागोच्या पोलिसांबाबत हा दावा मोजून पाहिला गेला. २०१२ ते २०१५ या काळातल्या सुमारे ७ हजार पोलिसांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. एकाच भागात, एकाच पाळीत काम करणाऱ्यांची तुलना केली, तेव्हा गोऱ्यांपेक्षा काळ्या पोलिसांनी कमी लोकांना अडवले, कमी अटका केल्या, बळही कमी वापरले. खरी मेख पुढेच आहे. हिंसक गुन्ह्यांच्या अटकांत फरक थोडाच होता. मोठी तफावत होती ती ‘संशयास्पद हालचाल’ म्हणून अडवण्यात आणि किरकोळ गुन्ह्यांत. तीही मुख्यतः काळ्या नागरिकांच्या बाबतीत.

संशय! या शब्दाशी आमची जुनी ओळख आहे. तिथे कातडीचा रंग, इथे नाव, दाढी आणि मोहल्ला. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींबाबत श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्येच पोलिसांच्या मनात मुरलेल्या पूर्वग्रहावर बोट ठेवले होते. २०१९ च्या एका देशव्यापी पाहणीत निम्म्या पोलिसांना मुसलमान मुळातच गुन्ह्याकडे झुकणारे वाटत होते. असा माणूस नाक्यावर उभा राहिला की कायदा त्याच्या नजरेतूनच चालणार.

मग मुस्लिम पोरांना भरती करा, असे म्हटले जाते. जरूर करा. सच्चर समितीला २००६ मध्ये पोलीस शिपायांत मुसलमान ६ टक्केच आढळले. पण भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण असते. उर्दू शाळेत मराठीचा तास सर्वांत आधी दुसऱ्या कामाला देणाऱ्या आमच्या संस्थाचालकांनी मग एकट्या सरकारच्या नावाने बोटे मोडू नयेत.

आणि भरतीने सारे भागेल, हाही भ्रमच. जानेवारी २०२३ मध्ये मेम्फिसला ज्या मारहाणीत एका काळ्या तरुणाचा जीव गेला, तीत खुनाचा आरोप झालेले पाचही पोलीस काळेच होते.

शिकागोत निदान नोंदी तरी मिळाल्या. आपल्याकडे पोलिसांतील मुसलमानांचे आकडेही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१३ नंतर छापले नाहीत. कोणाला अडवले, कशासाठी अडवले, पुढे काय निघाले, याचा तक्ता प्रत्येक ठाण्याने दरवर्षी जाहीर करावा, ही आमची मागणी आहे. इफ्तार पार्टीत साहेबांना शाल घालणारी आमची शिष्टमंडळे हा कागद मात्र मागत नाहीत.