आधी नावं लिहा, मग फुलं चिकटवा



डिजिटल स्क्रॅपबुकचा विषय काढला की मला दोन उत्तरं ठरलेली मिळतात. एक घरातून येतं: "फोनमध्ये आहेत की सगळे फोटो, आणखी काय करायचंय?" दुसरं मैत्रिणींकडून: "अगं, ते कलाकार बायकांचं काम, मला कुठलं जमायला!" पहिलं उत्तर आळसाचं, दुसरं भीतीचं. आज मला या दोन्हींशी भांडायचं आहे, कारण या उत्तरांच्या आडोशाने आपल्या घराघरांतल्या बायकांची नावं पुसली जात आहेत.

आधी वस्तू समजून घेऊ. वहीत फोटो, लग्नपत्रिका, प्रवासाचं तिकीट चिकटवायचं आणि शेजारी चार ओळी लिहायच्या, हे झालं स्क्रॅपबुक. तेच फोनवर किंवा संगणकावर केलं की डिजिटल स्क्रॅपबुक. अमेरिकेत ही सवय इतकी घरोघरी होती की मार्क ट्वेन या लेखकाने १८७३ मध्ये आधीच डिंक लावलेल्या पानांच्या स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं. आज ज्याला आपण छंद म्हणतो, त्याची सुरुवात मात्र बहुतेक जण युटा राज्यातल्या मॅरिलेन क्रिस्टेन्सन या बाईंपासून सांगतात. त्यांनी आपल्या कुटुंबाच्या आठवणींचे खंडच्या खंड तयार केले आणि १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीत भरलेल्या नोंदींच्या जागतिक परिषदेत ते मांडले. त्या मॉर्मन समाजाच्या. पूर्वजांची नावं शोधणं आणि जपणं हे त्या समाजात धर्मकार्य मानतात. म्हणजे या छंदाच्या मुळाशी होती ती घराची नोंद. रिबिनी, स्टिकर, चकचकीत कागद यांचा बाजार मागाहून आला.

तोच बाजार आता संगणकावर आलाय. फुलांचे 'किट', सोनेरी चौकटी, फुगे, फुलपाखरं. आणि आपण समजतो की एवढं सगळं आल्याशिवाय सुरुवातच करता येत नाही. माझं स्पष्ट म्हणणं आहे, ज्या पानावर दहा फुलं आहेत आणि एकही नाव नाही, ते पान वीस वर्षांनी कुणाच्याही कामाचं नाही.

आता "फोनमध्ये आहेत की" या उत्तराकडे वळते. ऑर्कुट आठवतंय? कितीतरी घरांचे फोटो तिथे होते. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. गूगल फोटोजमध्ये कितीही फोटो फुकट ठेवायची सोय होती, ती १ जून २०२१ पासून गेली. आता फुकटात १५ जीबी, आणि त्यातच तुमची ईमेलही मावायची. दोन वर्षं खातं उघडलंच नाही, तर ते काढून टाकण्याचा हक्क कंपनीने स्वतःकडे ठेवला आहे. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्याचा आकार दाबला जातो आणि तो कधी, कुठे काढला ही आत दडलेली माहितीही गळून पडते. घरातल्या ग्रुपवर जे फोटो फिरतात ते हेच, अंगावरचे दागिने काढून घेतलेले. तेव्हा फोनच्या भरवशावर बसणाऱ्यांनी थोडा विचार करावा.

समजा, सगळे फोटो शाबूत राहिले. तरी काय उरलं? आमच्याकडे सासूबाईंच्या तरुणपणचा एक कृष्णधवल फोटो आहे. अंगणात अकरा बायका, सगळ्यांचे पदर डोक्यावर. मला त्यातल्या चार ओळखता येतात, सासूबाईंना नऊ. माझ्या मुलीला एकच, तिची आजी. तीन पिढ्यांत अकराची एक झाली, आणि फोटोला तर ओरखडासुद्धा नाही.

यात पुरुषांची नावं टिकतात हेही बघा. वंशावळीत ती असतात, सातबाऱ्यावर असतात, दुकानाच्या पाटीवर असतात. बाईचं नाव लग्नात बदललेलं असतं, माहेरचं आडनाव विसरलेलं असतं, आणि पुढे ती कुणाची तरी आक्का, कुणाची तरी काकू एवढीच उरते. तिचं नाव लिहून ठेवणारं सरकारी दप्तर आपल्या हातात नाही. हे पान मात्र आपल्या हातात आहे. म्हणून कुणी याला रिकामपणचा उद्योग म्हटलं की माझा राग अनावर होतो. पापडाचं प्रमाण लिहून ठेवणारी बाई शहाणी, मग ते प्रमाण जिने शिकवलं तिचं नाव लिहिणारी रिकामटेकडी कशी?

आपल्याला तर हे परकं वाटायलाच नको. आपल्या ज्ञानभांडारांतल्या जुन्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असते. पोथी कुणी लिहिली, कुणासाठी लिहवून घेतली, कोणत्या गावी, कोणत्या संवतात, हे त्यात येतं. लिहवून घेणाऱ्यांत श्राविकांची नावंही सापडतात. दानचिंतामणी अत्तिमब्बेने पोन्नाच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती करवून घेतल्या असं परंपरा सांगते, आणि हजार वर्षांनीही तिचं नाव आपल्या तोंडी आहे. स्क्रॅपबुकच्या प्रत्येक पानाला अशी एक छोटी पुष्पिका हवी: कोण, कुठे, केव्हा, आणि हे कुणी लिहिलं.

मग सुरुवात कशी करायची? सांगते, आणि यातलं काहीही विकत घ्यावं लागत नाही.

पहिल्यांदा फक्त दहा फोटो निवडा. सगळे नीट लावून मग सुरू करू म्हणाल तर कधीच सुरू होणार नाही. जुना छापील फोटो स्कॅन करणार असाल तर ६०० डीपीआयवर करा. स्कॅनर नसेल तर फोटो सपाट ठेवा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन बरोबर वर धरून टिपा. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतो. सुटत नसेल तर पानासकटच टिपा. कुणाकडून फोटो मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो मूळ आकारात येतो.

पान ए-फोर आकाराचं ठेवा. परदेशी नमुने बारा बाय बारा इंचाचे असतात, पण ए-फोर आपल्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडेही छापून मिळतं. छपाई स्वच्छ यावी म्हणून ३०० डीपीआय धरा. म्हणजे पान २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं. कॅनव्हा फोनवर चालतं आणि त्यात देवनागरी अक्षरं आहेत. मुलाच्या लॅपटॉपवर पॉवरपॉइंट असेल तर तेही पुरतं. हात बसल्यावर पुढे जायचं असेल तर गिम्प हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात एकावर एक थर रचता येतात: खाली कागद, वर फोटो, त्यावर अक्षरं.

एका पानावर एक मोठा फोटो, हवे तर दोन लहान. उरलेली जागा मजकुराला. टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, फोन लिहून घेतो. मग चुका तेवढ्या दुरुस्त करा. सासूबाई, आई, आत्या यांच्याजवळ बसा आणि विचारा: ही कोण, हिचं माहेर कुठलं, त्या दिवशी जेवायला काय होतं? त्या बोलतील तसंच लिहा, त्यांच्या शब्दांत. फुलं चिकटवायची हौस असेल तर सगळ्यात शेवटी. इंटरनेटवर दिसलेलं चित्र उचलू नका, ते कुणाच्या तरी मेहनतीचं असतं. आपल्या दारातल्या रांगोळीचा फोटो किनारीला लावला तर त्याहून देखणं दुसरं काय?

पान झालं की पीडीएफ करा. तीन प्रती ठेवा: एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर, एक बहिणीच्या किंवा लेकीच्या घरी. आणि वर्षातून एकदा छापून घ्या. कागद उघडायला पासवर्ड लागत नाही.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेते. एक ताई म्हणाल्या, "हा मोहच वाढवणं नाही का?" मी म्हणते, परिग्रह बघायचा असेल तर फोन उघडा. एकाच पारण्याचे दीडशे फोटो, त्यातले चाळीस हललेले. त्यांतून एक निवडणं आणि बाकीचे पुसणं याला मन घट्ट करावं लागतं. स्क्रॅपबुक करणारीच्या घरी फोटो कमी होतात, हा माझा अनुभव आहे.

आणि वेळ? महिन्याला एक पान. वर्षाला बारा. एका पानाला तासभर लागतो, एवढा वेळ आपण फॉरवर्ड पुढे ढकलण्यात घालवतोच.

एकच पथ्य पाळा. ही पानं घरासाठी आहेत. नातवंडांचे चेहरे, त्यांच्या शाळेची नावं, जन्मतारखा जगासमोर मांडू नका. ज्यांचा फोटो आहे त्यांना विचारून घ्या.

श्रुतपंचमीला आपण शास्त्रं बाहेर काढतो, पुसतो, नवी वेष्टनं घालतो. त्याच दिवशी घरातला फोटोंचा डबाही उघडा. पण पहिल्या पानासाठी तोवर थांबू नका. घरातली सगळ्यात वयस्कर बाई आज दुपारी मोकळी असेल, तिच्यासमोर एक फोटो धरा आणि डावीकडून नावं विचारायला सुरुवात करा.