कळ, क्रमांक आणि अक्षर

घरांत संगणक आला कीं वडीलधाऱ्या मंडळींची सामान्यतः अशी समजूत होते कीं, कळेवर जें अक्षर छापलेलें आहे तेंच ती दाबल्यावर उमटावयाचें. वस्तुस्थिति निराळी आहे. कळेला अक्षर ठाऊक नसतें. ती केवळ आपला क्रमांक कळविते. त्या क्रमांकास कोणतें अक्षर द्यावयाचें हें आंतील कोष्टक ठरवितें, आणि तें कोष्टक आपणांस बदलतां येतें.

मराठीपुरतें पाहूं. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकांत ‘इन्स्क्रिप्ट’ नांवाची मांडणी आहे. तींत मात्रा व स्वर डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजनें उजव्या हाताकडे. क ची कळ शिफ्टसह दाबली कीं ख, त ची दाबली कीं थ. अल्पप्राण व महाप्राण एकाच घरांत नांदतात. वर्णमाला मुखोद्गत असलेल्या माणसास ही व्यवस्था आवडल्यावांचून राहणार नाहीं. रोमन अक्षरांत मराठी लिहून यंत्राकडून नागरी करून घेण्याची जी रीति मुलांत रूढ झाली आहे, ती मला अजून रुचत नाहीं. जुन्या टंकलेखनयंत्रावर शिकलेला हात मात्र येथें अडखळतो. आमच्या जिल्ह्याला २०२३ सालीं मिळालेलें ‘धाराशिव’ हेंच नांव घ्या: यंत्रावर इकार आधीं मारून मग श मारावा लागे, येथें उच्चाराप्रमाणें श आधीं, इकार मागाहून.

खरी परीक्षा होते ती ऱ्य लिहितांना. बालाघाटाच्या ‘दऱ्या’ लिहावयाच्या आणि उमटावयाचा ‘दर्या’, म्हणजे आमच्या अवर्षणग्रस्त जिल्ह्याला आयताच समुद्र! ‘आचाऱ्यांना दक्षिणा’ आणि ‘आचार्यांना दक्षिणा’ यांत मुंजीच्या खर्चाच्या यादींत केवढें अंतर पडेल तें गृहिणींना सांगावयास नको. यासाठीं मांडणींत नुक्ता असलेला ऱ मुद्दाम ठेवलेला आहे: र ची कळ शिफ्टसह, मग हलन्ताची, मग य ची. तेंच रूप साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनींही साधतें. डोळ्यांस दोन्ही सारखींच. पण संगणकाच्या दृष्टीनें तीं निराळीं. गोऱ्हे आडनांवाच्या माणसाचें नांव यादींत एका रीतीनें लिहिलेलें असेल व शोधणारा दुसऱ्या रीतीनें लिहील, तर पुष्कळ ठिकाणीं तें सांपडत नाहीं. घरांतील सर्वांनीं पहिली रीति धरावी, हें माझें मत.

तरुण मंडळी जी काळी खिडकी उघडून दूरच्या संगणकाशीं केवळ अक्षरांनीं बोलतात, तिला टर्मिनल म्हणतात. १९७८ सालच्या व्हीटी-१०० यंत्राचें सोंग घेऊन ती बसलेली असते. त्या यंत्रावर ८० अक्षरांच्या २४ ओळी मावत. प्रत्येक अक्षरास सारखें घर. आपल्या जोडाक्षरांचा तेथें जीव गुदमरतो. शिवाय खोडण्याची कळ कोठें ८ हा संकेत पाठविते, कोठें १२७. दोन्ही बाजूंचें जुळलें नाहीं तर खोडण्याऐवजीं भलतीच चिन्हें उमटतात. ‘पुटी’ या प्रोग्रामांत कळफलकाच्या पानावर हे दोन्ही पर्याय दिलेले आहेत. लिपीचा संकेत यूटीएफ-८ असावा. त्यांत नागरी अक्षराचा प्रत्येक घटक तीन बाइटांचा असल्यानें, चुकल्यास एकाच्या जागीं दोन-तीन निरर्थक खुणा दिसतात.

मराठी मांडणी चालू असतां सी च्या कळेवर म येतो, म्हणून चाललेलें काम थांबविण्याची कंट्रोल-सी ही आज्ञा कांहीं टर्मिनलांत पोंचतच नाहीं. तेव्हां मांडणी झटकन् पालटण्याची सोय हवी. नागरींत मोठीं-लहान अक्षरें नसल्यामुळें कॅप्स लॉक आपणांस निरुपयोगी. लिनक्सच्या कळफलक-व्यवस्थेंत तीच कळ या कामीं नेमतां येते. एकदां दाबली कीं मराठी, पुन्हां दाबली कीं इंग्रजी.