कर्ण्याची पत

माणसाची पत जशी चढते आणि उतरते, तशीच वस्तूच्या नावाचीही. 'शिकागो रेडिओ' हे नाव आज आपल्या वर्गात क्वचितच कोणी ओळखेल. परंतु जुन्या सभांची छायाचित्रे पाहा. वक्ते गांधीजी असोत वा पंडित नेहरू, समोरच्या मायक्रोफोनवर हीच पाटी दिसते. नाव परदेशी, पण कंपनी मोटवाने कुटुंबाची आणि कारभार मुंबईचा.

१९३१ साली कराचीच्या काँग्रेस अधिवेशनात या कंपनीचे कर्णे लागले होते. त्याआधी लाखाच्या सभेत पुढच्या चार रांगांना भाषण आणि मागच्यांना केवळ दर्शन, असाच प्रकार असे. कर्ण्याने मागच्या माणसालाही श्रोता केले. १९४२ च्या चळवळीत मुंबईहून गुप्तपणे चाललेल्या काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर नानिक मोटवाने हेही आरोपी होते. पुढे ते निर्दोष सुटले. एका व्यापारी नावाला एवढी पत मिळाली, ती केवळ जाहिरातीने खचित नव्हे.

मग ती गेली कुठे? मोटवाने हे नाव आज विजेच्या मोजमापाच्या उपकरणांवर आढळते; कर्ण्यावरचे नाव मात्र विस्मरणात गेले. स्टीरिओ आले, कॅसेट आली, 'हाय-फाय' हा शब्द रुळला आणि कर्ण्याचा आवाज म्हणजे पत्र्याचा आवाज, अशी त्याची टवाळी सुरू झाली.

ही टवाळी मला अन्यायाची वाटते. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो आणि उत्तम संगीतासाठी तेवढा सारा पल्ला हवा, हे खरे. पण बोललेला शब्द कळायला ३०० ते ३,४०० हर्ट्झचा पट्टा पुरतो. जुना टेलिफोन तेवढ्यावरच चालत असे. कर्णा नेमका याच पट्ट्यात जोरकस असतो. पंचवीस-तीस वॅटचा अॅम्प्लिफायर आणि मोटारीची बॅटरी एवढ्या भांडवलावर तो मैदानाच्या टोकापर्यंत शब्द पोहोचवी. गाण्याच्या मापाने त्याला मोजणे म्हणजे नांगराला शर्यतीत धाव म्हणण्यासारखे आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. कर्ण्याची अब्रू आपणच घालवली. वेळ-काळ न पाहता तो इतका वाजवला, की २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम करावे लागले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील बंदीवर शिक्कामोर्तब केले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती किती पाळली जाते, हे आपल्या किन्हीराजाच्या लग्नसराईत घराच्या खिडक्याच सांगतात!

आता डीजेच्या भिंती उभ्या राहतात. छाती हादरते, पण शब्द एकही कळत नाही. आणि वर्षातून चार वेळा ग्रामसभा भरते, तेव्हा घरकुलाच्या यादीतली नावे मागे बसलेल्या बायाबापड्यांच्या कानी पडत नाहीत. वरातीला हजारो वॅट आणि ग्रामसभेला खरखरणारा एक माईक, हा आपला हिशेब आहे. ज्याला यादी ऐकू आली नाही, तो हरकत कशी घेणार?

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की यंत्राची प्रतिष्ठा त्याच्या किमतीवर वा आवाजाच्या दणक्यावर ठरवू नये. शेवटच्या रांगेतल्या माणसाला बोललेले कळले का, हीच त्याची परीक्षा. 'शिकागो रेडिओ' त्या परीक्षेत उतरला, म्हणून मोठा झाला. आपल्या स्नेहसंमेलनाला आणि गावच्या ग्रामसभेला हीच कसोटी लावून पाहू या. पुढच्या रांगेत बसणाऱ्यांनी एकदा मागे जाऊन बसले, तरी पुष्कळ काही उमगेल.