हालचालीचं शास्त्र कॉलेजात हवंच

बारावीचा निकाल लागला की डोंबिवलीतल्या घराघरांत ठरलेली चर्चा सुरू होते: इंजिनिअरिंग, सीए, बी.एस्सी. आयटी की बीएमएस? अशा वेळी एखाद्या मुलीने ‘मला किनेसिओलॉजी शिकायचीय, माणसाच्या हालचालीचं शास्त्र’ असं म्हटलं, तर चार आक्षेप हमखास येतात. हा तर पी.टी.चा तास, त्याला पदवी कशाला? शास्त्रच शिकायचं तर सरळ फिजिओथेरपी कर. हे बाहेरचं खूळ आहे; आपल्याकडे योग आहे, तालमी आहेत. आणि शेवटी, नोकरी कोण देणार? हे बोलणारे आईवडील मुलांच्या भल्याचाच विचार करतात, म्हणून त्यांना नीट उत्तर दिलं पाहिजे. माझं म्हणणं असं की कल्याण-डोंबिवलीतल्या कॉलेजांनी हा विषय निदान मायनर म्हणून सुरू करावा आणि पालकांनी तो मुलांना बिनधास्त घेऊ द्यावा.

पहिला आक्षेप जुनाच आहे. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी १९६३ साली शारीरिक शिक्षणातले पदव्युत्तर अभ्यासक्रम बंद करावेत, असं जाहीरपणे सुचवलं होतं. पुढच्याच वर्षी बर्कलेच्या फ्रँकलिन हेन्री यांनी शारीरिक शिक्षण ही स्वतंत्र ज्ञानशाखा कशी आहे, ते मांडलं. खेळ शिकवण्याचं कसब वेगळं आणि हालचाल कशी घडते याचं ज्ञान वेगळं. त्या ज्ञानाला शरीररचना, भौतिकशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र असं सगळंच लागतं आणि यांतला कोणताही एक विभाग ते पुरतं शिकवत नाही. १९६७ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात किनेसिओलॉजीचा स्वतंत्र विभाग उभा राहिला.

हे ज्ञान आपल्या किती जवळचं आहे, ते पाहायला कोपर स्टेशन पुरेसं आहे. दिवा-वसई मार्गाचे फलाट वर, मुख्य मार्गाचे खाली. वसईकडून आलेली एक बाई डाव्या हातात भरलेली पिशवी घेऊन जिना उतरते आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच जोर लावतो, शरीराचा वेग आवरून धरतो; सवय नसलेल्याच्या मांड्या दुसऱ्या दिवशी भरून येतात त्या यामुळे. त्या क्षणी गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार असतो. पिशवी डाव्या हातात, म्हणून सगळं वजन उजव्या पायावर येतं तेव्हा कंबर डावीकडे कलू नये यासाठी उजव्या खुब्याच्या बाजूच्या स्नायूंना जादा ताकद लावावी लागते. तेच ओझं दोन हातांत सारखं वाटून घेतलं, तर ही जादा मेहनत वाचते. पी.टी.च्या तासाला यातलं काहीही शिकवत नाहीत.

या शास्त्राचा संबंध फक्त खेळाडूंशी आहे, हाही गैरसमज आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कमी निघालं. १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास छापून आला आणि शारीरिक श्रम व हृदयाचं आरोग्य यांच्या संशोधनाला पाया मिळाला. ते सगळे रोजच्या पाळीवर जाणारे कामगार होते.

आता दुसरा आक्षेप. फिजिओथेरपी हा उपचाराचा व्यवसाय आहे. त्यासाठी बारावीला जीवशास्त्र हवं, नीट द्यायला हवी, आणि पदवी घेतल्यावर समोर बसतो तो दुखणं घेऊन आलेला माणूस. किनेसिओलॉजी शिकलेल्याने रुग्णावर उपचार करू नयेत आणि स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेऊ नये, ही मर्यादा पहिल्याच तासाला सांगितली पाहिजे. पण डॉक्टर आजारपणात भेटतो, फिजिओथेरपिस्ट दुखापतीनंतर आणि प्रशिक्षक भेटतो तो पदकाची आशा असेल तर. धडधाकट माणसाच्या रोजच्या हालचालीकडे कोण बघतं? ती जागा आज रिकामी आहे, आणि दोन महिन्यांचं सर्टिफिकेट घेतलेले ट्रेनर किंवा मोबाइलवरचे व्हिडिओ ती भरून काढताहेत. कंबरेचं दुखणं घेऊन लोक दवाखान्यात पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

तिसऱ्या आक्षेपाला आपल्याच इतिहासाने उत्तर दिलेलं आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं. नौली, उड्डियान करताना पोटातल्या दाबाचं काय होतं, हे त्यांनी उपकरणं लावून मोजलं, क्ष-किरणांनी तपासलं आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून मांडलं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी मराठीत व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. शरीराच्या हालचालीकडे चिकित्सक नजरेने पाहणं हे आपल्याच वडीलधाऱ्यांचं काम आहे. ते विद्यापीठाच्या दारात अडलं, एवढंच.

शिवाय पाश्चात्त्य मोजमापं जशीच्या तशी उचलून आपलं भागत नाही. जयपूर फूट जन्माला आला तो याच कारणाने. बाहेरून आलेल्या कृत्रिम पायाने आपल्या माणसाला उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना, अनवाणी शेतात उतरता येईना. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ही गरज ओळखली आणि तसा पाय घडवला. खुर्चीत बसणाऱ्या समाजाने लिहिलेली पुस्तकं जमिनीवर बसून भाजी निवडणाऱ्या, डोक्यावर पाटी उचलणाऱ्या, लोकलच्या दाराशी एका हाताने लोंबकळणाऱ्या शरीरांबद्दल फारसं सांगत नाहीत. तो अभ्यास आपल्यालाच करावा लागेल.

राहिला नोकरीचा प्रश्न. ‘किनेसिओलॉजिस्ट पाहिजे’ अशा जाहिरातींची आपल्याकडे रांग लागलेली नाही, हे मान्य. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात २०१३ पासून हा नोंदणीकृत व्यवसाय आहे. आपल्याकडे अजून तशी व्यवस्था नाही. म्हणूनच मी मेजरच्या आधी मायनरचा आग्रह धरतो. नव्या शैक्षणिक धोरणाने मेजरसोबत दुसऱ्या शाखेचा मायनर घेण्याची वाट उघडली आहे. भौतिकशास्त्राच्या मुलाने किनेसिओलॉजी घेतली तर त्याला बायोमेकॅनिक्सकडे जाता येईल. कॉम्प्युटरवाल्याला खेळातलं व्हिडिओ विश्लेषण करता येईल, मानसशास्त्रवालीला माणूस कौशल्य कसं शिकतो हे अभ्यासता येईल. कारखान्यातलं टेबल किती उंच असावं, शाळेचं दप्तर कसं असावं, वृद्धांना पडण्यापासून कसं वाचवावं, ही सगळी कामं आज समोर पडलेली आहेत. मुख्य पदवी हातची जात नाही आणि जोडीला असं ज्ञान येतं जे स्वतःच्या शरीरासाठी जन्मभर पुरतं.

खर्चाचं कारणही टिकत नाही. सुरुवातीला सांध्याचा कोन मोजायला गोनिओमीटर, वजनकाटे, स्टॉपवॉच आणि हालचाल संथ करून दाखवणारा मोबाइल कॅमेरा एवढं पुरे. शिकवायला भौतिकशास्त्राचे आणि प्राणिशास्त्राचे प्राध्यापक कॉलेजातच आहेत, एम.पी.एड. झालेले क्रीडा संचालक आणि गावातले फिजिओथेरपिस्ट पाहुणे म्हणून येऊ शकतात. प्रात्यक्षिकाला सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुल आहे, एमआयडीसीतले कारखाने आहेत, स्टेशनांचे जिने आहेत. अजिंक्य रहाणे ज्या डोंबिवलीत वाढला, तिथली कितीतरी मुलं बारावीला खेळ सोडतात आणि त्यांच्या अंगात मुरलेलं वर्षानुवर्षांचं ज्ञान वाया जातं. त्यांना हा विषय पुन्हा मैदानाशी जोडेल.

म्हणून कॉलेजांच्या अभ्यासमंडळांना सांगणं आहे की पुढच्या वर्षाच्या विषयांची यादी कराल तेव्हा किनेसिओलॉजीचा प्रस्ताव टेबलावर ठेवा. एका कॉलेजाने, एका तुकडीने सुरुवात केली तरी चालेल. आणि पालकांना सांगणं आहे की मुलगी हा विषय मागेल तेव्हा तिला पी.टी.ची आठवण करून देऊ नका. तिचा अभ्यासक्रम मागून घ्या, शेजारी बसून वाचा आणि मग ठरवा. त्यात तुमच्या गुडघ्यांचाही धडा असेल.