चाकू कोणी ठेवले?

दोन भाषांची माणसे एका गल्लीत सुखाने नांदूच शकत नाहीत, आता तर मानसशास्त्रानेही ते सिद्ध केले आहे, हे वाक्य आमच्या सीमाभागातल्या व्यासपीठांवरून मी अनेकदा ऐकले आहे. टाळ्याही ठरलेल्या. पुराव्यादाखल अमेरिकेतल्या मुलांच्या एका शिबिराची गोष्ट येते. गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच सांगतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

मुझफ्फर शेरीफ हे तुर्कस्तानातून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ. १९५४ साली त्यांनी ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह येथे अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर भरवले. मुले एकमेकांना अनोळखी, पण वर्ण एक, धर्म एक, घरची परिस्थिती सारखी आणि (वक्तेहो, कान देऊन ऐका) भाषासुद्धा एकच! त्यांच्या ईगल्स आणि रॅटलर्स अशा दोन तुकड्या झाल्या. मग सामने लावले. बक्षिसे फक्त जिंकणाऱ्या तुकडीला, आणि त्यांत चार पात्यांचे चाकू. त्या वयाच्या पोराचा जीव कशात अडकतो हे शेरीफना पक्के ठाऊक होते. काही गुण तर पंचांच्याच हाती होते. चुरस टिकावी म्हणून ते हवे तसे वळवले गेले. मग झेंडे जळले, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या. व्याख्यान इथे संपते.

आता न सांगितलेले ऐका. आदल्याच वर्षी, १९५३ साली, शेरीफनी न्यूयॉर्क राज्यात असाच घाट घातला होता. तिथे मुलांची आधी एकमेकांशी दोस्ती होऊ दिली आणि मग तुकड्या पाडल्या. पोरे काही भांडेनात. तेव्हा शिबिराच्याच माणसांनी गुपचूप खोड्या काढून एकमेकांवर संशय यावा अशी तजवीज केली. पोरांनी ओळखले की हे उद्योग मोठ्यांचेच आहेत! प्रयोग गुंडाळावा लागला. जीना पेरी यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात ही हकीकत तपशिलाने मांडली आहे. मग मनुष्यस्वभाव नेमका कोणता? झेंडा जाळणारा, की मोठ्यांची लबाडी ओळखणारा?

आमच्या घरातली म्हातारी माणसे भाजीवालीशी कन्नडात घासाघीस करतात आणि देवापुढे मराठीत आरती म्हणतात. दोस्ती इथे आधीपासूनच आहे. तुकड्या मागाहून पडल्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने केलेला अन्याय मी विसरलेलो नाही, आणि मराठी शाळेचा, मराठी कागदपत्रांचा हक्क मी सोडणार नाही. पण हक्क मागणे वेगळे आणि शेजाऱ्याचा दुस्वास वेगळा. दोन्हींची मोट बांधणाऱ्यांना आपल्या शाळेच्या गळक्या छपराची काळजी नसते.

हेन्री ताजफेल यांचे नाव मात्र हे वक्ते घेत नाहीत, आणि खरी बोच तिथेच आहे. ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना त्यांनी कुठल्या चित्रकाराची चित्रे आवडतात अशा क्षुल्लक निमित्ताने गटांत वाटले आणि इतरांना पैसे वाटून द्यायला सांगितले. मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, हे समजण्याजोगे आहे. पण समोरच्यांपेक्षा अंतर वाढत असेल, तर आपल्या गटाला कमी पैसे मिळालेले चालवून घेण्याकडेही त्यांचा कल दिसला! १९७०-७१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. तेव्हा आपल्या सभांतले ठराव एकदा तपासून पाहा. त्यांत आपल्या वर्गाला फळा, शिक्षक, पुस्तके मागणारे किती, आणि समोरच्या पाटीवरची अक्षरे मोजणारे किती?

रॉबर्स केव्हची गोष्टही धाडींवर संपत नाही. पाण्याची टाकी बिघडली, ट्रक अडला, आणि दोन्ही तुकड्यांना एकत्र राबावे लागले. अर्थात ही संकटेही शेरीफनीच घडवली होती. परतीच्या वाटेवर मात्र रॅटलर्सकडे एका सामन्यात जिंकलेले पाच डॉलर शिल्लक होते. त्यांतून त्यांनी साऱ्या मुलांना, ईगल्ससुद्धा, माल्टेड दूध पाजले. तसे करायला त्यांना कोणी सांगितले नव्हते.