वास्तुशांत झाली, पुढच्या वीस वर्षांचे काय?

रत्नागिरी जिल्ह्यात निवृत्ती या शब्दाचा एक ठरलेला अर्थ आहे. मुंबई-ठाण्यात तीस-पस्तीस वर्षे चाकरी करायची, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हाती आली की गावचे पडके मातीचे घर उतरवायचे आणि त्या जागी चिऱ्याचे पक्के घर उभे करायचे. वास्तुशांतीला सारी भावकी जेवून जाते आणि घरधन्याला आयुष्य सार्थकी लागल्यासारखे वाटते. या भावनेत गैर काही नाही. ज्या मातीतून आपण गेलो तिथे परत यावे ही ओढ आपल्या संस्कारांतूनच आली आहे. परंतु मांडव उतरल्यावर प्रश्न सुरू होतात. महिन्याचा किराणा, विजेचे देयक, औषधे आणि लग्नकार्यांचे आहेर यांसाठी दरमहा पैसा कोठून यायचा? घर हा निवारा आहे, ते निवृत्तिवेतन नव्हे. म्हणून आधी महिन्याच्या उत्पन्नाची सोय करावी आणि उरेल त्यातून घर बांधावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा क्रम उलटा का झाला, याचे उत्तर कोकणच्या इतिहासात आहे. टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली आणि पुढे कोकणची अर्थव्यवस्थाच 'मनीऑर्डरची अर्थव्यवस्था' म्हणून ओळखली जाऊ लागली. गिरणगावातल्या खोलीत दाटीवाटीने राहणारा माणूस पोटाला चिमटा काढून गावी पैसे पाठवत असे. त्याच पैशावर चुली पेटल्या, मुली उजवल्या, सावकाराचे हप्ते फिटले. पण त्या व्यवस्थेत पाठवणे होते, साठवणे फारसे नव्हते. आज मी वडिलांना पाठवतो, उद्या मुलगा मला पाठवील, या साखळीवर सारा भरवसा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतल्या असंख्यांना गिरणीचे दार पुन्हा उघडलेच नाही. साखळीची एक कडी तुटताच गावाकडच्या घरात काय होते, हे कोकणाने तेव्हा पाहिले आहे. तरीही आपली सवय बदललेली नाही.

'नोकरीचे पेन्शन आहे ना' असे म्हणणाऱ्यांनी एकदा हिशेब मांडून पाहावा. खासगी नोकरीतल्या माणसाला १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून पैसे मिळतात. त्यासाठी पगार कितीही असला, तरी बहुसंख्यांच्या बाबतीत तो एका मर्यादेपर्यंतच धरला जातो. सप्टेंबर २०१४ मध्ये ही मर्यादा १५ हजार रुपये ठरली. सेवेची वर्षे गुणिले पगार भागिले ७० असे सूत्र आहे. संपूर्ण ३५ वर्षे याच मर्यादेने मोजली तरी महिना साडेसात हजारांच्या आसपासच पडतो. मर्यादा पूर्वी कमी होती, त्यामुळे प्रत्यक्षात अनेकांच्या हाती याहूनही कमी येते. त्याच वेळी किमान निवृत्तिवेतन दरमहा एक हजार रुपये ठरवण्यात आले. एवढ्यात दोन माणसांचा गॅस आणि दूधही भागत नाही. सरकारी सेवकांचीही स्थिती पूर्वीसारखी राहिली नाही. राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू झाली नाही, त्यांच्यासाठी अंशदानाची पद्धत आली. वडील शिक्षक होते म्हणून आईला आजही कुटुंब निवृत्तिवेतन मिळते; मुलगाही शिक्षक आहे, पण त्याला तोच दाखला लागू होईल असे नाही.

यावर दुसरा प्रश्न हमखास येतो: घरात वीस-पंचवीस लाख घातले, ती मालमत्ताच नाही का? शहरातला फ्लॅट विकता येतो, भाड्याने देता येतो. गावचे घर बहुधा सामाईक सातबाऱ्यावरील जमिनीत असते, त्यावर चुलत्या-पुतण्यांची दहा नावे असतात. ते विकायचे नसते, घेणाराही सहसा मिळत नाही आणि अशा जागेवर बँक कर्ज देताना मागे सरते. ज्येष्ठांना राहत्या घरावर दरमहा रक्कम देणाऱ्या उलट तारण योजनेची घोषणा २००७-०८ च्या अर्थसंकल्पात झाली होती. पण नाव निर्विवाद नसेल तर तिचाही उपयोग नाही. नुसती वास्तू माणसाला पोसत नाही, याचा दाखला रत्नागिरी शहरातच उभा आहे. ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये येथे आणून ठेवले. १९१० मध्ये त्याच्यासाठी समुद्राकडे पाहणारा प्रशस्त राजवाडा तयार झाला. पण त्याचे उत्पन्न म्हणजे सरकारचा तनखा. तो पुरेना तेव्हा जवळची रत्ने विकण्याची पाळी आली. १९१६ मध्ये याच शहरात त्याचा अंत झाला.

मग किती रक्कम बाजूला ठेवावी? आज पती-पत्नींना गावी महिना वीस हजार लागतात असे धरू. महागाई वर्षाला सहा टक्के राहिली, तर बारा वर्षांत किमती दुप्पट होतात. म्हणजे साठाव्या वर्षी वीस हजारांत भागणारा संसार बहात्तराव्या वर्षी चाळीस हजार मागेल. म्हणून सगळी रक्कम एकाच ठिकाणी अडकवू नये आणि येणारे सगळे व्याज खर्चूनही टाकू नये. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवण्याची मुभा मिळाली आणि त्याच वेळी व्याजदर ८.२ टक्के झाला. दराचा आढावा दर तिमाहीस होतो; पण खाते उघडताना असलेला दर पाच वर्षे बदलत नाही. या दराने १५ लाखांवर दर तिमाहीस ३०,७५० रुपये, म्हणजे महिन्याला सव्वादहा हजार येतात. हेच पंधरा लाख घराच्या वरच्या मजल्यात घातले, तर महिन्याला काही येत नाहीच, उलट रंगरंगोटी आणि पावसाळ्यापूर्वीची डागडुजी तेवढी मागे लागते. याखेरीज वर्षभराचा खर्च सहज काढता येईल अशा बचत खात्यात किंवा अल्पमुदतीच्या ठेवीत असावा, कारण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आजही कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागते आणि तिथे आधी रोकड विचारली जाते.

'अमुक पतसंस्था दोन टक्के जास्त देते, ठेवू का?' हा प्रश्न तर रोजचाच. पतसंस्था ही सहकाराची मोलाची देणगी आहे आणि सचोटीने चालणाऱ्या संस्था कोकणात पुष्कळ आहेत. परंतु बँकेतील ठेवींना पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे (फेब्रुवारी २०२० पूर्वी ते केवळ एक लाख होते), तसे पतसंस्थेतील ठेवींना नाही. संरक्षण असूनही काय हाल होतात, हे सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांनी अनुभवले. आरंभी खात्यातून केवळ एक हजार रुपये काढण्याची परवानगी होती. जमिनीचे आमिष दाखवणाऱ्या 'पर्ल्स'ला ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. त्या योजना बहुधा ओळखीच्या, नात्यातल्या एजंटाने आणून दिल्या होत्या. नात्याचा मान जेवणाच्या पंगतीत ठेवावा. म्हातारपणाची पुंजी मात्र कागद तपासूनच द्यावी.

ज्यांना पगारच नाही त्यांचे काय? आंबा बागायतदाराच्या हाती वर्षाचा पैसा हंगाम संपताना एकदम येतो. दरमहा हप्त्याची योजना त्याला जाचक होते. त्याला सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी सोयीचा आहे, कारण त्यात वर्षातून एकदाही रक्कम भरता येते. प्रतिवर्षी ६० हजार भरले आणि एप्रिल २०२० पासूनचा ७.१ टक्क्यांचा दर पुढेही टिकला असे मानले, तर पंधरा वर्षांनी साधारण सोळा लाख होतात. आणखी दहा वर्षे भरत राहिल्यास एकेचाळीस लाखांच्या घरात जातात. मिरकरवाड्याच्या खलाशाला जून-जुलैच्या मासेमारी बंदीत कमाई नसते. त्याने अटल पेन्शन योजनेचा सहामाही हप्ता निवडावा. साठीनंतर दरमहा पाच हजार मिळवण्यासाठी अठराव्या वर्षी सुरुवात केल्यास महिन्याला २१० रुपये पडतात. चाळिसाव्या वर्षी केल्यास १,४५४. उशिराची किंमत याहून स्पष्ट कोणते कोष्टक सांगेल? मात्र प्राप्तिकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून या योजनेत नव्याने प्रवेश नाही.

शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे: मुलगा असताना स्वतंत्र तरतूद करणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास नव्हे का? आम्हांला नेमके उलटे वाटते. आपली कुटुंबव्यवस्था टिकावी असे आपण तळमळीने म्हणतो. ती टिकते प्रेमावर, आणि प्रेमाला दरमहाच्या मागणीचे ओझे फार काळ झेपत नाही. पुण्यात घराचे हप्ते आणि मुलांच्या शाळेची फी भरणाऱ्या मुलाकडे आई-वडिलांनी हात पसरला, तर दोन्ही बाजूंना संकोच होतो. आपली तरतूद असली की मुलगा पैसे देण्यासाठी न येता भेटीसाठी येतो. चार पुरुषार्थांत अर्थाला स्थान आहे ते याचसाठी. तो नीट सांभाळला तर धर्मही सुखाने आचरता येतो. समाजकार्यात रमलेल्या घरांत पैशाविषयी बोलणे हलके समजतात. परंतु ज्याच्या निष्काळजीपणाचा भार उतारवयात पत्नीवर पडतो, त्याच्या साधेपणाला त्याग म्हणता येणार नाही.

पत्नीचा विचार तर सर्वांत आधी हवा. खाती, ठेवी, विमा कोठे आहेत, हे अनेक घरांत फक्त पुरुषालाच ठाऊक असते. दहा वर्षे कोणी न विचारलेली बँकेतील ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. अशा ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले, यावरूनच त्यांचे प्रमाण लक्षात यावे. वारसदार म्हणून नाव लावले की काम झाले, हाही गैरसमज आहे. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, पण त्यामुळे ती मालक ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीतही हेच सांगितले. म्हणून साध्या भाषेतले, दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्र आवश्यक आहे.

येत्या गणपतीत घर भरेल, तेव्हा आरती-प्रसादानंतर अर्धा तास काढावा. एका वहीत महिन्याचा खर्च, येणारे उत्पन्न, ठेवींच्या तारखा आणि वारसांची नावे लिहावीत. ती वही पत्नीसमोर आणि मुला-सुनेसमोर वाचावी. खर्चाच्या रकान्यापेक्षा उत्पन्नाचा रकाना लहान दिसला, तर वरच्या मजल्याचे काम थांबवावे. चिरे पुढच्या वर्षीही मिळतील. हातून गेलेली पुंजी साठीनंतर पुन्हा उभी राहत नाही.