पडद्यावरील तद्विद्यसंभाषा

परिषद म्हटली की प्रवास, निवास आणि दोन-तीन दिवस बंद राहणारा दवाखाना हे ओघाने आलेच. २०२० च्या महामारीनंतर दूरस्थ उपस्थितीची सोय रूढ झाली आणि तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्यासही दूरच्या परिषदांची दारे खुली झाली. वनौषधींच्या परीक्षण-तंत्रज्ञानावरील एका परदेशातील परिषदेस आम्ही लवकरच प्रथमच अशा रीतीने उपस्थित राहणार आहोत. त्या पूर्वतयारीच्या अनुषंगाने काही विचार व्यवसायबंधूंपुढे ठेवीत आहोत.

यंत्रांच्या चर्चेशी वैद्याचा काय संबंध, असे काही ज्येष्ठ विचारतात. डिसेंबर २००४ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारद वा आर्सेनिक आढळले. पुढे केंद्र शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींची जड धातूंसाठी तपासणी अनिवार्य केली. सदोष उत्पादनांचे समर्थन कोणीही करू नये. परंतु एकूण पारद मोजणारे यंत्र तो पारद कोणत्या संयुगाच्या रूपात आहे, हे सांगत नाही. दूषित कच्च्या मालातून आलेला धातू आणि शास्त्रोक्त संस्कार केलेला रसकल्प यांत भेद कसा करावा व रसकल्पाची निर्धोकता कोणत्या कसोटीवर सिद्ध करावी, हे प्रश्न रसशास्त्र जाणणाऱ्यानेच चर्चेत मांडावयास हवेत. तो तेथे नसेल, तर निकष इतरेजन ठरवतील आणि पालन मात्र आपल्या रसशाळांना करावे लागेल.

म्हणून केवळ नावनोंदणी पुरेशी नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार सांगून, बोलण्यापूर्वी स्वतःचे व समोरच्याचे बलाबल पारखावे, परिषद ज्ञानवती की मूढ, सुहृद, उदासीन की प्रतिनिविष्ट हे ओळखावे, असा उपदेश केला आहे. पडदा मध्ये आल्याने हा उपदेश शिथिल होत नाही. उलट, समोरच्यांचे चेहरे धड दिसत नसल्याने ही पारख आधीच करावी लागते. वक्त्यांची नावे पाहून त्यांचे प्रसिद्ध झालेले एक-दोन निबंध वाचून ठेवणे, हाच त्यावर उपाय होय.

दुसरी बाब वेळेची. बोस्टनमधील सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडील सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात, म्हणजे ऐन दवाखान्याची वेळ. रुग्णाची नाडी पाहताना एक कान परिषदेकडे ठेवणे हा रुग्ण आणि परिषद या दोहोंवर अन्याय आहे. सर्व सत्रांचा मोह टाळून दोन-तीन सत्रे निवडावीत व तेवढ्या वेळेपुरता दवाखाना बंद असल्याची पाटी आधीच लावावी. वीज गेल्यास इन्व्हर्टर आणि इंटरनेट खंडित झाल्यास मोबाइलची जोडणी यांची चाचणी आदल्या दिवशी घ्यावी. रुग्णवृत्त दाखवावयाचे असेल तर लेखी संमती घ्यावी आणि नाव व चेहरा वगळावा, कारण एकदा ध्वनिचित्रमुद्रण झाले की ते परत घेता येत नाही.

तिसरी आणि आमच्या मते मुख्य बाब प्रश्नांची. लेखी प्रश्न दोन ओळींत मावला पाहिजे, म्हणून तो आधीच लिहून ठेवावा. उदाहरणार्थ, अशोकाच्या सालीत आसुपालवाच्या सालीची भेसळ होते, हे रसशाळाचालक जाणतात. एचपीटीएलसी तंत्राने या दोन साली वेगळ्या ओळखता येतात. पण काढा करून, संधान होऊन अशोकारिष्ट सिद्ध झाल्यावर ती ओळख कितपत टिकते? तुलनेसाठीचा प्रमाणित नमुना कोठून घ्यावा? महिन्याला मोजकेच घाण काढणाऱ्या रसशाळेस प्रत्येक घाणाची तपासणी परवडेल काय? हे प्रश्न प्रयोगशाळेतील संशोधकास सहसा सुचत नाहीत, कारण त्याच्यापुढे भट्टी नसते. ते विचारणे हेच आपले योगदान होय.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. गंध, रस आणि स्पर्श पडद्यातून येत नाहीत. तेव्हा पडद्यावर पाहून द्रव्याची वा यंत्राची खरेदी ठरवू नये. नमुना मागवून पंचेंद्रियांनी व प्रयोगशाळेत, दोन्ही प्रकारे पारखावा. चहाच्या वेळी होणारा सहज संवादही येथे नाही. त्याची अंशतः भरपाई करण्यासाठी वक्त्यास त्याच आठवड्यात पत्र लिहावे.

आमची सूचना एवढीच की, शाखेतील चार-पाच जणांनी, निदान एका रसशाळाचालकासह, एकत्र बसून प्रश्न काढावेत, सत्रे वाटून घ्यावीत आणि परिषदेनंतर पंधरा दिवसांत शाखेच्या बैठकीत वृत्तांत द्यावा. ज्यातून परतल्यावर दवाखान्यात वा रसशाळेत एकही कृती बदलली नाही, त्या उपस्थितीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून काय उपयोग?